मिठाआधीची वाटी

दुधीला स्वतःची चव असते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेही स्वयंपाक करताना नाही, भांडी विसळताना. नातीची वाटी हातात होती, तळाशी दोनेक चमचे फिकट हिरवं काहीतरी उरलेलं. सून त्याला प्युरी म्हणते, मी गरगटं म्हणते. ते परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, कारण बाळाच्या तोंडातला चमचा एकदा त्यात बुडाला की लाळ आणि जंतू दोन्ही आत गेले. बरोबरच आहे ते. पण अन्न मोरीत ओतायला माझा हात होत नाही, लहानपणापासूनची खोड. म्हणून वाटी बोटानं निपटली आणि तोंडात टाकलं. चिमूटभर मीठ घ्यावं असं मनात आलं होतं, पण मिठाची बरणी ओट्याच्या त्या टोकाला, गुडघा ठणकत होता, आणि दोन चमच्यांसाठी एवढं कोण उठाठेव करणार. जिभेवर आधी काहीच लागलं नाही. मग पावसात भिजलेल्या वेलाचा येतो तसला ओला वास नाकात वर चढला, मग हळूच गोडवा आला, आणि गिळल्यावर घशापाशी किंचित हिरवटपणा रेंगाळला. ‘अगंबाई, हा दुधी?’ असं मी बहुतेक मोठ्यानं म्हणाले असणार, कारण बाहेरून ह्यांनी विचारलं, ‘काय सांडलं?’

काही सांडलं नव्हतं. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

दुधी माझ्या हातून आजवर किती शिजला असेल त्याला गणती नाही. चण्याची डाळ घालून, नुसत्या जिऱ्याच्या फोडणीत ओलं खोबरं पेरून, कोफ्ते, हलवा, किसून थालीपिठात, सालींची तीळ घालून चटणी. चिरण्याआधी टोकाचा एक तुकडा कच्चा चाखायचा, हे आईनं वाईच्या घरी शिकवलेलं. एखादा दुधी कडूजहर निघतो आणि तो पोटात गेला तर उलट्या होऊन माणूस आडवा होतो. मध्यंतरी रोज सकाळी दुधीचा रस पिण्याची टूम निघाली होती, तेव्हा कडू रस तसाच नाक दाबून प्यायलेली माणसं दगावलीसुद्धा. मग आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं, आधी चाखा, कडू लागला तर टाकून द्या. म्हणजे कच्चा दुधी माझ्या जिभेला नवा नव्हताच. पण दर वेळी त्याला एकच प्रश्न विचारलेला, तू कडू आहेस का? नाहीस ना, मग जा कढईत. तो कसा आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे ताटात जे बोलायचं ते मीठ, हिंग, जिरं आणि खोबरं बोलायचं आणि जेवणारे म्हणायचे, दुधी फक्कड झालाय.

हे गरगट्यांचं खातं माझ्याकडे आलं ते कायद्यानं. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. डॉक्टर सांगतात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं अन्न. दोन्ही मापं शेजारीशेजारी ठेवून बघा. ज्या आठवड्यात बाळाच्या तोंडात पहिला घास घालायचा, नेमक्या त्याच आठवड्यात आईनं सकाळची लोकल पकडायची. पहिला घास मग आजीच्या, नाहीतर पाळणाघराच्या वाट्याला. आमच्या वेळी रजाच तीन महिन्यांची होती, बँकेत रुजू झाले तेव्हा साडीच्या आत घडी घातलेला रुमाल ठेवून काउंटरवर बसायचे. वरचं अन्न चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सुरू करा असं डॉक्टरच म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लासुद्धा तेव्हा चार ते सहा महिने असा होता, 2001 साली तो पूर्ण सहा महिन्यांवर आला. आमचा मुलगा खिमटावर वाढला. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सुकवून, मंद आचेवर भाजायची, थोडं जिरं टाकून जाडसर दळायची आणि पाण्यात शिजवून वर तूप. भाजलेल्या डाळीचा तो वास अजून कुठे आला तरी माझी छाती दाटून येते. भाजी मात्र वर्षाच्या आतल्या पोराला द्यायची पद्धत नव्हती. भाजी बाधते, म्हणायचे. फार तर वरणाचं निवळलेलं पाणी.

ते निवळ पाणी आता हद्दपार झालंय. पहिल्याच दिवशी मी लाल भोपळ्याचं पातळसर, छान ओघळणारं काहीतरी केलं, तर सून म्हणाली, ‘आई, चमचा जरा वाकडा करून बघा.’ केला. सगळं वाटीत परत. ‘चमच्यावरून लगेच ओघळलं तर ते फारच पातळ आहे,’ ती म्हणाली. तिच्या अंगात काही शिष्टपणा नाही, अंगणवाडीच्या सेविका पाड्यावरच्या आयांना हेच सांगतात. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्यानं भरलं तर जीव धरायला उरलं काय? मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आपल्या हातचं पोर सहा फुटी झालं, आणि आता चमचा वाकडा करायचा म्हणजे काय. पण चमचा तर वाकडा केला होता, आणि ओघळायचं ते डोळ्यांदेखत ओघळलं होतं.

खरी अडचण आली ती मिठाची. फ्रीजच्या दारावर कागद आहे: मीठ नाही, साखर नाही, मध तर वर्षापर्यंत अजिबात नाही. मधाचं कारण मला लगेच पटलं, त्यात बॉट्युलिझम या विषबाधेचे जंतू सुप्त असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखण्याइतकं तयार नसतं. आपण मात्र जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवत आलो. साखरेचाही फार वाद झाला नाही. उष्टावणाला मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली, जिभेला टेकवली न टेकवली आणि काढून घेतली. मामालाही कागद वाचायला दिलेला होता. पण मीठ! माझी थोरली जाऊ फोनवर म्हणाली, ‘अळणी कसं गं उतरेल लेकराच्या घशाखाली? आजाऱ्याला तरी देतं का कोणी असं?’ मी तिला मूत्रपिंडांचं सांगितलं, की एवढ्याशा जिवाला जास्तीचं मीठ बाहेर टाकणं झेपत नाही आणि लागतं तेवढं दुधातून नि अन्नातून आपसूक मिळतं. फोनवर मी सुनेची बाजू लढवत होते. मनातून मी जावेच्या पक्षात होते.

मग एका दुपारी बाळ झोपलेली असताना वाचत बसले. नवजात बाळाला गोड जन्मापासून कळतं, दूध गोडच असतं. खारट मात्र त्याला सुरुवातीला धड उमगतसुद्धा नाही, ती ओढ चौथ्या महिन्याच्या आसपास जागी व्हायला लागते. ज्याची सवयच लागलेली नाही, त्याचा अभाव खटकेल कसा? अळणी हे आपलं दुःख होतं, तिचं नव्हतं. वाटीकडे बघून तोंड वाकडं करत होते ते मोठे, आणि ती आमच्या तोंडाकडे बघून घास घ्यायचा की थुंकायचा ते ठरवत होती. त्या दिवसापासून भरवताना मी चेहरा सांभाळायला लागले.

आमच्या घरातली आहे म्हणून नाही, पण कोणी कशाला तोंड वाकडं करावं याचे तिचे नियम अजब आहेत. गोड गाजर पहिल्या वेळी थुंकून भिंतीपर्यंत पोचवलं. आणि शेपू? मी मुगाच्या डाळीबरोबर चार काड्या शेपू शिजवून, घोटून दिला, हाही भिंतीवर जाणार अशी तयारी ठेवून. तर तिनं शांतपणे खाल्ला आणि तोंड परत उघडलं. याचा उलगडा मला नंतर झाला. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला नावाच्या बाईंनी 2001 साली छापलेला एक प्रयोग आहे. काही आयांना गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायला लावला, आणि त्यांच्या मुलांनी पुढे गाजराची चव असलेलं खाणं जास्त खुशीनं घेतलं. आईनं खाल्लेल्याची चव गर्भजलातून, दुधातून पोचते. आता आठवा, बाळंतिणीला आपण काय खाऊ घालतो: शेपू, मेथी, लसूण, अळीव. सुनेला शेपूचा वास सहन होत नाही, तरी दूध वाढतं म्हणतात म्हणून मी दिला आणि तिनं डोळे मिटून खाल्ला. तिचे ते मिटलेले डोळे नातीच्या खाती जमा झाले म्हणायचे. गाजराचं म्हणाल तर डॉक्टरांनी सांगितलं, थुंकलं म्हणून सोडू नका, आठ-दहा वेळा समोर आलं की बहुतेक मुलं घेतात. आपल्याकडचे मोठे तेवढ्या वेळा विचारत नाहीत, एकदा नाही म्हटलं की ‘त्याला कारलं आवडत नाही’ असं जन्मभराचं प्रमाणपत्र देऊन मोकळे.

हत्यारांचा शोधही मजेचा होता. सुनेनं छोटं विजेचं ब्लेंडर आणलं, झर्रकन फिरतं, पण त्यात हवा शिरून भोपळ्याला फेस येतो आणि बटाटा तर त्यात घालूच नये, त्यातला स्टार्च सुटून खळ तयार होते. मटार आणि फरसबी कितीही फिरवा, सालांचे नि दोऱ्यांचे बारीक तुकडे राहतातच, आणि तेवढ्यानं पोर ठसकते. म्हणून माळ्यावरून आईचं पितळी पुरणयंत्र काढलं. होळीला एकदा उतरायचं आणि घासूनपुसून वर जायचं, एवढंच त्याचं काम होतं. चिंचेनं घासलं, जाळी उकळत्या पाण्यात घातली, आणि वाफवलेलं रताळं त्यात टाकून मूठ फिरवायला घेतली. खालून नारिंगी-पिवळ्या शेवया पडायला लागल्या, आणि वर जाळीवर सगळे दोरे राहिले, विंचरल्यावर कंगव्यात केस राहतात तसे. मटाराची सालं वर, मटार खाली. हात भरून येतो खरा, पण त्यातून उतरलेलं गरगटं गुळगुळीत असूनही निर्जीव नसतं, जिभेला थोडा कण लागतो. भोपळा मी पाण्यात शिजवतच नाही, मोदकपात्रात वाफवते. त्याच्या अंगचं पाणी त्याला पुरतं. तांबड्या भोपळ्याची फाक जांभळी नाक्याच्या मंडईतून आणायची ती बिया नि धागे बघून, गर जेवढा गडद तेवढा बरा. वाफेचं झाकण उघडलं की पहिला वास कलिंगडाच्या पांढऱ्या भागासारखा येतो, दुसरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा. मग थेंबभर साजूक तूप, कारण त्या केशरी रंगातलं जे जीवनसत्त्व होतं ते अंगी लागायला स्निग्ध काहीतरी लागतं. नुसत्या भाजीवर मूल वाढत नाही हेही डॉक्टरांनी बजावलं. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून भाजीच्या जोडीला डाळ, नाचणी, पुढे अंड्याचा बलक.

पालकाचं आणि बिटाचं मी ताजंच करते, त्यात नायट्रेट असतात आणि शिळं ठेवलं तर ते लहानग्यांना बाधू शकतात. बाकीचं रविवारी करून बर्फाच्या ट्रेमध्ये. फ्रीजरचं दार उघडलं की चौकोनी वड्यांची रांग दिसते, केशरी, पिवळी, हिरवी, आणि प्रत्येक डब्यावर सुनेच्या अक्षरात तारीख. बिटाचा पहिला दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोट बदलायला घेतला आणि माझे हातपाय गळाले. लालभडक. मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. सुनेला लावला, ती तिकडून शांतपणे विचारते, ‘आई, काल बीट दिलं होतं ना?’ आणि त्यानंतर महिन्याभरात भोपळा-गाजर जरा जास्तच झालं असावं, कारण शेजारच्या बाईंनी बाळाचं पिवळं नाक आणि तळवे बघून कावीळ ठरवली, वर उताऱ्याचं औषध कुठे मिळतं तेही सांगितलं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघितला. तो पांढराच होता. कावीळ असती तर आधी तो पिवळा झाला असता. ‘भोपळा थोडा कमी करा, आजी,’ एवढंच म्हणाले, आणि हसले.

याच सुमारास आमच्या ह्यांचे उरलेसुरले दात निघाले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवायची नाही, तोवर मऊ खा. घरात एक दात येण्याची वाट बघत होती आणि एक कवळीची. मी एकाच पातेल्यात दोघांचं भागवायचं ठरवलं तर ह्यांनी वाटी सरकवून दिली. ‘मी काय बाळ आहे का?’ दुसऱ्या दिवशी तोच भोपळा मी दह्यात कालवला, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, मिरची मोडून टाकली आणि ताटात वाढला. भरीत म्हणून दोनदा मागून खाल्लं. आपल्या जेवणात घोटलेल्या गोष्टी किती आहेत बघा: भरीत, पिठलं, पालेभाजीचं गरगटं, वरण, पुरण, आणि शनिवार संध्याकाळची पावभाजी, जी तव्यावर ठोकून ठोकून सात भाज्यांची ओळख पुसून टाकते आणि तरी तिला कोणी बाळाचं खाणं म्हणत नाही. प्रश्न दातांचा नव्हताच. ताट की वाटी, आणि फोडणी आहे की नाही, एवढ्यावर पुरुषाची इभ्रत अडलेली होती.

तेव्हापासून आमच्याकडे पातेलं एकच चढतं. भाजी मऊ झाली की आधी तिची वाटी काढायची, मग उरलेल्यात मीठ. हा क्रम पाळायचा तर मीठ शेवटी पडतं, आणि शेवटी पडलेलं मीठ जिभेला चटकन कळतं, तेव्हा नेहमीपेक्षा कमी पुरायला लागलं. ह्यांना रक्तदाब आहे. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा, हे आकडे डॉक्टर वर्षानुवर्षं ऐकवतात आणि हे वर्षानुवर्षं पापड भाजायला सांगतात. आता भाजीतलं मीठ उतरत गेलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जीभ काही आठवड्यांत रुळते म्हणतात, ते खरं असावं. लोणचं मात्र सुटलेलं नाही, आणि माझंही सुटलेलं नाही, उगाच संतपणाचा आव कशाला.

पण पातेल्यातून पहिली वाटी काढताना मला रोज सासूबाई आठवतात. त्यांच्या घरी सणावाराला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नसे, मीठ सगळं अंदाजानं. आणि नैवेद्याच्या पानात डावीकडे मीठ वाढत नसत. देवाला मीठ वेगळं लागत नाही, असं त्या म्हणायच्या. मग पुरुषांची पंगत बसायची. पहिला घास तोंडात गेला की वाढणारी थबकायची, कारण त्या क्षणी बातमी कळणार. ‘आमटीला मीठ लागतंय.’ की लगेच आत धावपळ, पळीभर पाण्यात मीठ विरघळवून आमटीत. मग मुलं. मग आम्ही. आमच्या पानात आमटी यायची ती सासऱ्यांच्या आणि दिरांच्या जिभेनं दुरुस्त झालेली. सासूबाईंना स्वतःला किती खारट आवडायचं, मला माहीत नाही. पंचवीस-तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवले, आणि हे माहीत नाही. त्या काहीही कमीजास्त न म्हणता जेवायच्या, तव्यावर राहिलेलं खरवडून घ्यायच्या, आणि आम्ही त्याला त्यांचा समाधानी स्वभाव म्हणायचो.

पातेल्यातलं मीठ कोणाच्या तरी जिभेचं असतं. ज्याची जीभ चालते त्याच्या.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावी डोरोथी गर्बर नावाच्या बाई आपल्या मुलीसाठी घरी मटार चाळणीतून गाळत बसायच्या. नवऱ्याच्या घरचा डबाबंद भाज्यांचा कारखाना होता. त्या वैतागून म्हणाल्या, हे तुमच्या कारखान्यात का होत नाही? 1928 साली बाळांच्या गाळलेल्या भाज्यांचे डबे दुकानात आले. पुढे या धंद्यात त्या डब्यांमध्ये मीठ पडायला लागलं, अजिनोमोटोसुद्धा. बाळांनी मागितलं म्हणून नाही, त्यांना काय कळतंय. डबा विकत घेणारी आई आधी स्वतः चमचाभर चाखते, आणि तिला ते बेचव लागता कामा नये. 1969 साली ओरड झाल्यावर अजिनोमोटो काढलं, आणि मीठ निघायला सत्तरचं दशक सरत आलं. कारखानाही पंगतीतल्या पहिल्या घासाकडेच डोळे लावून बसलेला होता. आपल्याकडे दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला कायद्यानं बंदी आहे, 1992 चा कायदा, 2003 साली आणखी कडक केलेला. तो किती पाळला जातो हे मोबाईलवर पाच मिनिटं घालवली की कळतं.

त्या दुधीच्या वाटीपासून मी नातीच्या वाटीतलं उरलेलं रोज खाते. मुद्दाम, मीठ न घेता, ओट्याशी उभी राहून. सगळ्या भाज्या दुधीसारख्या निघाल्या नाहीत. फ्लॉवरला मिठाशिवाय सांगण्यासारखं काही नाही, वाफवला की घरभर गंधकाचा वास सोडतो तेवढाच. बटाटा अळणी खाल्ला की त्याला चिप्सवाल्यांनी का उचललं ते कळतं, स्वतःचं मत नसलेला प्राणी आहे. पडवळ थोडं कडसर लागलं, पण ते खोटं वागत नाही. गाजर इतकं गोड की नंतर चहा फिका वाटला. बिटाला मातीचा वास आहे, पहिल्या पावसानंतर वाईच्या घाटावर येतो तोच, आणि तो मला इतका आवडला की मी एकदा उरलं नसताना चमचाभर आधीच बाजूला काढून ठेवलं. बाळाच्या वाटणीतून! कोणी पाहिलं नाही. पण सगळ्यात नवल वाटलं दोडक्याचं. चाळीस वर्षं मी तो घरच्यांना आवडत नाही म्हणून शेंगदाण्याच्या कुटात बुडवून करत आले, आणि तो नुसता, वाफवलेला, एवढा नाजूक आहे. मला तो आवडतो. माझी स्वतःची म्हणून एक भाजी असू शकते, हा विचार या वयात जरा लाजिरवाणा वाटला आणि मग बराच बरा वाटला. आता आठवड्यातून एकदा दोडका होतो. ह्यांच्या पानात कुटासकट, माझ्या पानात तसाच.

ही गरगट्यांची मौज थोड्या दिवसांची असते. आठव्या-नवव्या महिन्यात गुठळ्या ठेवायला लागा, नऊच्या पुढे लांबवू नका, नाहीतर मूल चावायला कंटाळतं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ब्लेंडर डब्यात गेलं, पुरणयंत्र मात्र मी माळ्यावर ठेवलेलं नाही. बाळ आता दहा महिन्यांची आहे. चमचा हातातून हिसकावते, मऊ भाताची मूठ भरून घेते, त्यातली अर्धी कानात घालते. ह्यांची कवळी आली आणि त्यांनी पहिल्या दिवशी चकली मागितली. फ्रीजरमधल्या राहिलेल्या वड्या मी गेल्या शनिवारी पावभाजीत संपवल्या, भोपळ्यानं भाजीला अशी झळाळी आली की मुलानं कोणता नवा मसाला म्हणून विचारलं.

वाढदिवस तोंडावर आलाय, त्यानंतर तिच्या घासाला थोडं थोडं मीठ लागायला हरकत नाही, असा सुनेचा निकाल आहे. पहिला खारा घास कशाचा द्यायचा यावरून घरात सध्या रोज रात्री चर्चा चालते. सुनेचं मत वरणभाताला, लिंबू पिळून. जाऊबाईंनी फोनवरून मेतकूट-भात सुचवलाय आणि ‘बघ, शेवटी मीठ लागलंच ना’ हेही ऐकवून झालंय. माझ्या मनात दोडका आहे, अगदी दोन कण मीठ घालून, पण तो कोणी मंजूर करेल असं दिसत नाही. ह्यांनी बटाटेवड्याची बाजू लावून धरलीये, नुसतं आतलं सारण, वरचं आवरण काढून, मिरची धुऊन, असा त्यांचा तोडगा आहे, आणि मुलगा त्यांना फितूर आहे.